नववी-दहावीतल्या मुलाला बचत शिकवायची आहे? कॉलेजच्या खर्चाचा कागद आधी समोर ठेवा

मुलांच्या शिक्षणासाठी पैसे साठवायला हवेत, हे आपल्या बहुतेक घरांत बोललं जातं. फक्त ज्याच्या शिक्षणासाठी साठवायचे, त्यालाच त्या बोलण्यात घेतलं जात नाही. "तू अभ्यास कर, पैशांचं आम्ही बघतो," हे आपण मायेने म्हणतो. मग बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे गुण येतात, कॅप राउंडमध्ये, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, कॉलेज मिळतं आणि प्रवेश पक्का करायला हातात दोन-चार दिवस असतात. त्या दोन-चार दिवसांत सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घरचा आकडा पहिल्यांदाच ऐकते. एवढा मोठा निर्णय इतक्या घाईत, इतक्या अपुऱ्या माहितीवर घ्यायला लागू नये म्हणून हा लेख.

माझ्या मुलीबरोबर आम्ही आठवीपासून हे करत आलो. ती आता कॉलेजात आहे. त्या काळात जी माहिती दहा ठिकाणांहून गोळा करावी लागली, ती इथे क्रमाने देते. हा लेख महाराष्ट्रातल्या आठवी ते बारावीच्या मुलांच्या पालकांसाठी आहे. मुलांनी स्वतः वाचला तर फारच उत्तम.

आधी हे कागद एका फाइलमध्ये लावून ठेवा

- मुलाचा जन्मदाखला आणि आधार
- आई किंवा वडिलांचं आधार आणि पॅन
- मुलाचे पासपोर्ट आकाराचे फोटो
- शाळेचं बोनाफाईड आणि ओळखपत्र
- रेशनकार्ड आणि पत्त्याचा एखादा पुरावा
- एक दोनशे पानी वही (ही पुढे सगळ्यात जास्त कामाला येते)

आधारबद्दल एक गोष्ट बऱ्याच घरांत राहून जाते. मुलाला पंधरावं वर्ष पूर्ण झालं की बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो नव्याने द्यावे लागतात. पंधरा ते सतरा या वयात हे काम मोफत होतं. ते राहिलं तर ऐन प्रवेशाच्या हंगामात ओटीपी आणि पडताळणीपाशी गाडी अडते. दहावीची परीक्षा संपली की त्याच सुट्टीत उरकून टाका.

दुसरी गोष्ट नावाची. आधार, शाळेचा दाखला आणि बँकेचं पासबुक या तिन्हींवर मुलाचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख एकसारखी हवी. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी हे तपासा. त्या गुणपत्रिकेवर जे छापून येतं तेच पुढे सगळीकडे धरलं जातं.

१. खर्चाचा खरा आकडा मुलाबरोबर बसून काढा

सुरुवात इथूनच करा. पिगी बँक, पॉकेटमनी, खातं हे सगळं नंतर. कशासाठी साठवायचं हे ठाऊक नसेल तर चौदा वर्षांच्या मुलाला बचत म्हणजे आणखी एक उपदेश वाटतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

मुलाला ज्या दोन-तीन अभ्यासक्रमांत रस आहे ते निवडू द्या. अजून काही ठरलं नसेल तरी हरकत नाही. एक महागडा, एक मधला आणि एक स्वस्त असा पर्याय घ्या. मग प्रत्येकाची फी त्यालाच शोधायला लावा. महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि मंजूर फी त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय बघता येते. शासकीय आणि अनुदानित कॉलेजांची फी त्या त्या कॉलेजच्या माहितीपत्रकात मिळते. ओळखीच्या कुणी सांगितलेला आकडा वहीत लिहू नका. त्यात बहुधा डोनेशन, क्लास आणि हॉस्टेल हे सगळं मिसळलेलं असतं.

फीच्या खाली आणखी ओळी येतात आणि घरं अडखळतात ती तिथेच. हॉस्टेल किंवा खोलीचं भाडं आणि त्याचं डिपॉझिट. मेस. लॅपटॉप. प्रवेश परीक्षांचे अर्ज, परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवास. प्रवेशाच्या दिवशी भरायचं अनामत. पुस्तकं, प्रॅक्टिकलचं साहित्य, युनिफॉर्म. घरी येण्या-जाण्याचं तिकीट. आमच्या वहीत पहिल्या पानावर फीची एकच ओळ होती आणि तिच्याखाली या इतर खर्चांनी पान भरलं होतं. मुलगी बराच वेळ ते पान बघत राहिली. मग तिने विचारलं, "हॉस्टेलचं डिपॉझिट परत मिळतं का?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण आता ती हिशोब करायला लागली होती.

यानंतर महागाई. आजचा आकडा चार वर्षांनी तोच राहत नाही. मुलाला ७२ चा नियम शिकवा: वाढीच्या वार्षिक टक्क्याने ७२ ला भागलं की रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतो असं धरलं तर ७२ भागिले ८, म्हणजे ९ वर्षांत दुप्पट. हाच नियम बचतीलाही लागू पडतो, कर्जालाही.

एक उदाहरण करून दाखवते. मुलगा आत्ता आठवीच्या शेवटाला आहे. चार वर्षांनी चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू होईल. फी, राहणं, जेवण सगळं धरून आजचा वार्षिक खर्च दीड लाख रुपये आहे. सरळ गुणाकार केला तर सहा लाख. दरवर्षी ८ टक्के वाढ धरली तर पहिलं वर्ष सुरू होईपर्यंत वार्षिक खर्च २ लाख ४ हजारांवर गेलेला असतो, आणि चारही वर्षांची बेरीज ९ लाख २० हजारांच्या आसपास जाते. हे गणित मुलाच्या हातात कॅल्क्युलेटर देऊन त्याच्याकडूनच करवून घ्या. चक्रवाढ व्याज शाळेत आठवीला असतंच, पण स्वतःच्या भविष्यावर लावलेलं चक्रवाढ व्याज वेगळं भिडतं.

काही पालकांना वाटतं, एवढा आकडा बघून मूल दडपून जाईल. माझं मत उलट आहे. मुलांना घरची ओढाताण तशीही जाणवत असते. आई-बाबांची रात्रीची कुजबुज ऐकून ती मनातल्या मनात काहीतरी भलतंच धरून बसतात. कागदावरचा आकडा कितीही मोठा असला तरी त्याचे भाग करता येतात. फक्त हे बोलणं परीक्षेच्या तोंडावर किंवा रागाच्या भरात करू नका, आणि "आम्ही तुझ्यासाठी किती करतो" हे वाक्य त्या बैठकीत एकदाही येऊ देऊ नका.

२. आकड्याचे भाग पाडा, एक भाग मुलाच्या नावावर करा

वहीचं दुसरं पान. एकूण खर्चासमोर चार रकाने आखा: घरची बचत, शिष्यवृत्ती किंवा फी सवलत, शैक्षणिक कर्ज, आणि चौथा रकाना मुलाचा.

इथे प्रामाणिक राहायला हवं. मुलाच्या पॉकेटमनीतून कॉलेजची फी भरली जाणार नाही. महिना ५०० रुपये चार वर्षं साठवले तर २४ हजार होतात, व्याज धरून सत्तावीस हजारांच्या आसपास. नऊ लाखांपुढे ही रक्कम लहान आहे. पण यादीतली एखादी पूर्ण ओळ ती खोडू शकते: लॅपटॉपचा मोठा भाग, पहिल्या वर्षाची पुस्तकं, हॉस्टेलचं डिपॉझिट, प्रवेश परीक्षांचे सगळे अर्ज. अशी एक ओळ मुलाला स्वतः निवडू द्या आणि वहीत तिच्यासमोर त्याचं नाव लिहा. "शिक्षणासाठी बचत" हे धूसर आहे. "लॅपटॉप माझा" हे पंधरा वर्षांच्या मुलाला लगेच कळतं.

एकदा दिलेली ओळ परत घेऊ नका. घरात अडचण आली आणि मुलाचे पैसे वापरावेच लागले, तर उसने घेतल्याची नोंद त्याच्याच वहीत करा, तारीख घाला आणि परत करा. मुलाच्या दिवाळीच्या आणि वाढदिवसाच्या पाकिटांवर घरातल्या मोठ्यांनी हात मारला की त्या मुलाच्या बचतीचा तिथेच शेवट होतो. मी हे अनेक घरांत पाहिलं आहे.

३. रोजची वही आणि पैशांचे तीन भाग

दरमहा ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम द्या. मागेल तेव्हा देत राहिलात तर नियोजन शिकायला वावच उरत नाही. रक्कम किती हे तुमच्या घरावर अवलंबून, पण त्यात काय काय भागवायचं हे स्पष्ट असू द्या. बसचा पास, वह्या, मित्रांबरोबरचं खाणं, मोबाइलचा रिचार्ज यांतलं काय त्याचं आणि काय तुमचं? हे एकदा लिहून ठेवलं की महिन्याच्या वीस तारखेची घासाघीस थांबते.

पैसे हातात आले की त्याच दिवशी त्याचे भाग करायचे: आधी बचत, मग ठरलेले खर्च, उरलेलं मनासारखं उडवायला. महिनाअखेरीला उरेल ते साठवू, असं म्हटलं की उरत काहीच नाही, हे मोठ्यांनाही माहीत आहे. मनासारखं उडवायच्या भागाबद्दल मात्र एक अवाक्षरही काढू नका. त्याने तो सगळा एका दिवसात संपवला तरी चालेल. महिन्याचे उरलेले दिवस त्याला जे शिकवतील ते तुमच्या बोलण्यातून शिकवून होणार नाही. मधेच पैसे पुरवू नका, एवढंच पथ्य.

वहीत नोंदी कशा? तारीख, आले, गेले, कशासाठी, शिल्लक. पाच रकाने, बस्स. ॲप नको असं नाही, पण पहिलं वर्षभर हाताने लिहिलेलं बरं. यूपीआयने पैसे जाताना खिसा हलका झाल्याचं कळतच नाही. रात्री वहीत "६० रुपये, कोल्ड कॉफी" असं चौथ्यांदा लिहिताना मात्र हात थबकतो. माझ्या मुलीने एका महिन्याअखेरीला लाल पेनाने स्वतःच काही नोंदींभोवती गोल काढले. मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात त्या नोंदी निम्म्यावर आल्या होत्या.

मुलाला फोनवरून पैसे देता यावेत असं वाटत असेल तर यूपीआय सर्कल ही सोय आहे. खातं तुमचं राहतं, मुलाच्या फोनवरून व्यवहार सुरू होतो आणि तुम्ही निवडलं असेल तर प्रत्येक वेळी तुमची मंजुरी लागते. मुलाला तुमचा यूपीआय पिन सांगण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. पिन कुणालाच सांगायचा नाही हे शिकवत असताना आपणच तो मुलाला सांगावा, हे विसंगत आहे.

४. मुलाच्या नावाने बँकेत खातं उघडा

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये अल्पवयीनांच्या खात्यांचे नियम एकत्र करून नव्याने दिले. त्यातल्या तीन गोष्टी पालकांनी लक्षात ठेवाव्यात. दहा वर्षं किंवा त्यावरच्या मुलाला बचत खातं आणि मुदत ठेव स्वतःच्या सहीने उघडता आणि चालवता येते. किती रकमेपर्यंत, हे प्रत्येक बँक आपापलं ठरवते. पालक म्हणून आईसुद्धा खातं उघडून देऊ शकते. आणि अल्पवयीनाच्या खात्यात शिल्लक शून्याखाली जाऊ देता येत नाही, म्हणजे ओव्हरड्राफ्ट नाही. एटीएम कार्ड, चेकबुक, नेटबँकिंग द्यायचं की नाही, हे बँकेवर आहे, तेव्हा उघडण्याआधी विचारा.

आमच्या जवळच्या एका शाखेत मला "वडिलांना घेऊन या" असं सांगण्यात आलं होतं. असं कुणी म्हटलं तर वाद न घालता शाखा व्यवस्थापकाला भेटा आणि आई पालक म्हणून चालते हे नियमाचा संदर्भ देऊन सांगा.

बँकेत जाण्याआधी मुलाची सही घटवून घ्या. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण काउंटरवर मुलं गडबडतात आणि तीन ठिकाणच्या तीन सह्या तीन तऱ्हेच्या होतात. संपूर्ण नाव सरळ लिहिलेली साधी सही ठरवा. फॉर्म मुलालाच भरू द्या, पासबुकही त्यालाच छापून आणू द्या. तुम्ही बाजूला उभं राहा.

किमान शिल्लक किती, एसएमएसचे पैसे कापतात का, कार्डाची वार्षिक फी आहे का, हे तीन प्रश्न मुलाने विचारायचे. उत्तरं वहीत.

आणि खातं आहे म्हणून एक कडक ताकीदही हवी. "तुझ्या खात्यात पैसे टाकतो, तू काढून दे, पाचशे रुपये तुझे," असं सांगणारे लोक कॉलेजच्या आणि अकरावी-बारावीच्या मुलांना गाठतात. फसवणुकीचा पैसा फिरवायला अशी खाती वापरली जातात आणि पोलिसांची चौकशी खातेदाराच्या दारी येते. खातं, कार्ड, सिम यांतलं काहीही कुणाला "दोन दिवस वापरायला" द्यायचं नाही, सख्ख्या मित्रालाही नाही. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. हा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, तरीही वेगळ्या नावांनी लिंका येत राहतात. तेही याच बैठकीत बोलून घ्या.

५. साठवलेला पैसा कुठे ठेवायचा

इथे एकच कसोटी लावा: पैसे कधी लागणार? तीन-चार वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजाराच्या भरवशावर सोडू नये असं माझं ठाम मत आहे. प्रवेशाच्या महिन्यात बाजार पडलेला असला तर कॉलेज थांबत नाही. मूल पाचवी-सहावीत असेल तर इक्विटी फंडाचा विचार करता येतो, पण प्रवेशाला दोन-तीन वर्षं उरली की तो पैसा टप्प्याटप्प्याने ठेवींकडे वळवायला घ्या.

मुलाच्या स्वतःच्या बचतीसाठी आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, हा सगळ्यात सोपा मार्ग. पोस्टाची आरडी महिना १०० रुपयांपासून सुरू होते, मुदत पाच वर्षांची, आणि दहा वर्षांवरच्या मुलाला ती स्वतःच्या नावाने उघडता येते. ६.७ टक्के दर धरला तर महिना ५०० रुपयांचे पाच वर्षांत भरलेले ३० हजार सुमारे ३५,७०० होतात. तीन वर्षांनंतर मुदतीआधी बंद करता येते, पण तेव्हा व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं. त्यामुळे बारावी पाच वर्षांच्या आत येत असेल तर हव्या त्या मुदतीची बँकेची आरडी घ्या.

सुकन्या समृद्धी खातं मुलगी दहा वर्षांची होण्याआधीच उघडावं लागतं. तुमच्या मुलीचं असेल तर ते बंद पडू देऊ नका. वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात आणि कमाल दीड लाख. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली, यांतलं जे आधी होईल त्यानंतर शिक्षणासाठी आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. प्रवेशाचा पुरावा आणि फीचा कागद लागतो. ही सोय अनेक पालकांना माहीतच नसते, ते खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी येणाऱ्या मुदतीची वाट बघत महागडं कर्ज काढतात.

पीपीएफ उत्तम योजना आहे, पण तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाच्या नावाने नवं खातं उघडून ते कॉलेजला उपयोगी पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. मुदत पंधरा वर्षांची आणि अंशतः रक्कम काढायची सोय सातव्या आर्थिक वर्षापासून. एनपीएस वात्सल्य ही अल्पवयीनांच्या नावाने उघडायची पेन्शन योजना, तिचा मुख्य हेतू निवृत्तिवेतन आहे. कॉलेजच्या फीसाठी ते साधन नव्हे. "चाइल्ड प्लॅन" नावाने विकल्या जाणाऱ्या विमा पॉलिसीत दहावीच्या सुमारास शिरण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही. विमा कमावत्या पालकाचा हवा, साधा टर्म इन्शुरन्स.

आता आपल्याकडचा मोठा सापळा: पतसंस्था. जास्त व्याज, ओळखीचा संचालक, घरपोच पिग्मी, त्यामुळे मुलांच्या नावाच्या ठेवी सर्रास तिथे जातात. बँकेतल्या ठेवींना, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत डीआयसीजीसीच्या (बँक ठेवींचा विमा उतरवणारी रिझर्व्ह बँकेची कंपनी) विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. फीचा पैसा तिथे ठेवू नका. भिशीचंही तेच: चांगल्या माणसांची असली तरी तिच्यावर प्रवेशाची तारीख अवलंबून ठेवायची नाही.

कराबद्दल थोडक्यात: अल्पवयीन मुलाच्या ठेवीवरचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात धरलं जातं. मुलाने स्वतःच्या अंगच्या कलेतून किंवा कष्टातून कमावलेल्या पैशाला मात्र हे लागू नाही. मुलाच्या नावाने ठेवल्यावर कर लागत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

६. शिष्यवृत्ती आणि दाखले: या कामाला वर्षभर आधी लागा

मिळालेली सवलत ही केलेल्या बचतीइतकीच खरी. आठवीत असलेल्या मुलांसाठी एनएमएमएस (नॅशनल मीन्स-कम-मेरिट) शिष्यवृत्तीची परीक्षा असते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांना ती देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. हे पैसे मुलाच्याच खात्यात येतात, तेव्हा वहीत त्यांची ओळ वेगळी ठेवा.

बारावीनंतरच्या राज्याच्या योजना महाडीबीटी पोर्टलवर आहेत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती अनेकांना माहीत असते. त्याशिवाय २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. कॉलेज निवडताना हा फरक लाखांत जातो. मात्र हॉस्टेल, मेस, लॅपटॉप त्यात येत नाहीत. म्हणून वहीतला मुलीचा रकाना तसाच राहू द्या.

अकरावीतच तयार ठेवायचे दाखले:

- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (त्यावर किती काळ वैध हे लिहिलेलं असतं, ते वाचा)
- अधिवास प्रमाणपत्र
- जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर
- जात वैधता प्रमाणपत्र. याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. विज्ञान शाखेतल्या मुलांनी अकरावी-बारावीतच अर्ज करावा

आणि एक तांत्रिक बाब. सरकारी पैसे थेट खात्यात यायचे तर खात्याचं "आधार सीडिंग" झालेलं लागतं. बँकेत आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सीडिंग, म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे कोणत्या खात्यात जमा करायचे याची नोंद, वेगळं. एका आधारवर एकाच वेळी एकच खातं सीड होतं. मुलाची दोन खाती असतील तर पैसे भलत्याच, क्वचित बंद पडलेल्या खात्याकडे जातात. माय आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. अर्ज करण्याआधी मुलाकडूनच ती तपासून घ्या.

७. शैक्षणिक कर्जाचं गणित बारावीच्या आधी मुलाला दाखवा

कर्ज वाईट नसतं. कळल्याशिवाय घेतलेलं कर्ज वाईट. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. साधारणपणे चार लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा वाटा घालावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण मागितलं जात नाही, पण आई किंवा वडील सहकर्जदार असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक गुणवत्ताप्राप्त संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, इतर शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत मिळत नसल्यास, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या आणि हप्ते सुरू होण्याआधीच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे कॉलेजचे पसंतिक्रम भरण्याआधी बघा.

शिक्षण संपून साधारण वर्ष होईपर्यंत हप्ते नसतात. पण व्याज पहिल्या रकमेपासून चालू असतं, आणि हे मुलांना कुणी सांगत नाही. समजा दरवर्षी एक लाख असं चार वर्षांत चार लाख घेतले, दर १० टक्के. हप्ता सुरू होईपर्यंत सरळ व्याजाचेच एक लाख चाळीस हजार झालेले असतात. म्हणजे पाच लाख चाळीस हजार फेडायचे. सात वर्षांत फेडायचे म्हटलं तर महिन्याचा हप्ता नऊ हजारांच्या घरात जातो. मुलाला विचारा: पहिल्या नोकरीच्या पगारातून खोलीचं भाडं, जेवण आणि हा हप्ता बसेल का? याचं उत्तर शोधताना तो त्या अभ्यासक्रमाचे पगार, त्या कॉलेजच्या प्लेसमेंटचे आकडे स्वतः खणून काढेल. शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर बोजा बराच हलका होतो आणि काही बँका त्यासाठी दरात सवलतही देतात. मुलाच्या आरडीचे पैसे इथेही कामी येतात.

८. अठरावा वाढदिवस: त्या महिन्यात करायची कामं

बँकेत नवी सही आणि केवायसी द्यावी लागते, खातं चालवायच्या नव्या सूचना द्याव्या लागतात. हे राहिलं तर खात्यावर व्यवहार अडू शकतात, आणि नेमका तोच काळ प्रवेशाचा असतो. अल्पवयीन असताना काढलेल्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते, तेव्हा फोटो-सहीसह नव्या कार्डासाठी अर्ज करावा. मुलाच्या नावाने म्युच्युअल फंड असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर त्याची केवायसी होऊन नोंद बदलेपर्यंत त्यातून पैसे काढता येत नाहीत, एसआयपीही थांबते. फीचा पैसा त्यात असेल तर वाढदिवसाच्या आधीच काढून ठेवीत टाका. सुकन्या खातं आता मुलीच्या स्वतःच्या सहीने चालतं. सगळ्या खात्यांना नॉमिनी लावून घ्या आणि मतदार नोंदणीचा अर्जही त्याच आठवड्यात भरून टाका, पत्त्याचा आणि ओळखीचा आणखी एक पुरावा हाताशी राहतो.